मानसशास्त्राचा भोंडला

"बोलायचं नाही हं, पुनू. ओळखू दे त्यांना."

हा आवाज पूर्णिमाच्या आईचा, तिसेक वर्षांपूर्वीचा. हात ओल्या खोबऱ्याने माखलेले, ओठांवर बोट ठेवायची सोय नाही, म्हणून आई नुसत्या भुवया उंच करायची आणि हळूच हे वाक्य बोलायची. हस्त नक्षत्र लागलं की सदाशिव पेठेत घरोघर भोंडले व्हायचे. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर यायची. डब्यात खिरापत. काय आहे ते मुलींनी ओळखायचं आणि मगच झाकण उघडायचं.

नोकरीवाल्या बायकांना खिरापत करायला सवड नसे, आणि हेमाताईंच्या, म्हणजे पूर्णिमाच्या आईच्या, हाताला चव अशी की नाव घ्यावं. त्यामुळे निम्म्या गल्लीच्या खिरापती पूर्णिमाच्याच स्वयंपाकघरातून दुपारी पदराखालून निघायच्या. संध्याकाळी पूर्णिमा फेरात उभी. डब्यात काय, ते तिला पक्कं ठाऊक. सकाळी तिनेच तर वेलदोडे सोललेले असायचे. "करंजी?" "नाही." "शिरा?" "नाही." सगळ्या मुली डोकं खाजवायच्या आणि ही आपली साळसूदपणे "चिवडा?" म्हणून चुकायची. गल्लीत तिचं नाव पडलं होतं, पुनूला काही ओळखता येत नाही. आईला दिलेल्या शब्दापायी तिने ते नाव आनंदाने मिरवलं. माहीत असून गप्प बसायचं, हे वळण तिच्या जिभेला तेव्हापासूनचं.

ती पुनू आता एक्केचाळीस वर्षांची झाली. पेठेतल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाचा 'मानसशास्त्राचे विचारप्रवाह' हा पेपर तिचा. नाव ऐकलं की झोप यावी असा पेपर, पण पूर्णिमा तो सांगायची गोष्टीसारखा. गाण्यात घराणी असतात ना, म्हणायची, तशी मनाच्या अभ्यासातही घराणी आहेत. एक म्हणतं, मनाचे बारीक तुकडे करून पाहा. दुसरं म्हणतं, तुकडे कसले करता, मन कशासाठी आहे ते बघा. तिसरं म्हणतं, मन सोडा हो, माणूस वागतो कसा तेवढं पाहा. दीडशे वर्षं ही घराणी एकमेकांशी भांडतायत आणि भांडणात प्रत्येकाच्या हाती मनाचं एकेक टोक लागलंय. हे ऐकताना मागच्या बाकावरची पोरं मोबाइल पालथे घालून ठेवायची. पूर्णिमाला आपण हे उत्तम शिकवतो हे माहीत होतं, आणि त्यात तिला लाजण्यासारखं काही दिसत नव्हतं.

विभागप्रमुख दत्तप्रसाद सर त्या तिसऱ्या घराण्याचे. वर्तनवादी, आणि नुसते पुस्तकापुरते नव्हेत. वर्गात कोणी "सर, मला वाटतं…" असं तोंड उघडलं की सर म्हणायचे, "वाटतं ते घरी. इथे दिसलं ते सांगा." घरी त्यांच्या पत्नी "आज बरं वाटत नाही" म्हणाल्या तर सर आधी ताप बघतात, असं विद्यार्थी सांगत. खरंखोटं देव जाणे. पण माणूस सरळ. पूर्णिमाची लेक अवनी लहानपणी महिनाभर आजारी होती, तेव्हा सरांनी पूर्णिमाचे सगळे तास गुपचूप स्वतःकडे घेतले होते. आभार मानायला गेली तर म्हणाले, "वेळापत्रकात जागा होती. उपकार वगैरे शोधू नका."

हे दत्तप्रसाद सर दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांची खुर्ची पूर्णिमाला हवी होती.

हवी होती म्हणजे अगदी आतून हवी होती. विभाग कसा चालवायचा याचं चित्र तिच्या डोक्यात तयार होतं: कुठला पेपर कोणी शिकवावा, बंद पडलेली प्रयोगशाळा कशी उघडावी, समुपदेशनाची खोली जिन्याखालून वर कशी आणावी. विभागात सरांच्या खालोखाल ज्येष्ठ तीच. पण सरांनी दहा वर्षांत काय पाहिलं होतं? बाईंनी परीक्षेचं काम दोनदा नाकारलं. बाई रोज पाचला पर्स उचलतात. बैठकीत बाई खिडकीजवळ बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. जे दिसलं त्यावरून सरांनी निष्कर्ष काढला होता, आणि तो त्यांच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे चोख होता: यांना नको आहे.

सोमवारी स्टाफरूममध्ये चहा झाल्यावर सर म्हणाले, "पूर्णिमाबाई, शुक्रवारी संस्थेला नाव कळवायचंय. अनिरुद्धशी बोललोय. तो तयार आहे. ज्येष्ठ आपण आहात, म्हणून आपलं एक पत्र लागेल, आपल्याला हे पद नको असल्याचं. मीच टाइप करून ठेवतो. आपण फक्त सही करायची. आपल्या डोक्याला उगाच ताप कशाला?"

पूर्णिमाच्या हातातला कप बशीत टेकला. बोलायची हीच वेळ होती. जीभ उचललीही गेली, आणि तिथेच अडली.

"बघू, सर," ती म्हणाली.

"त्यात बघायचंय काय?"

"तेच बघू."

सरांना वाटलं बाई विनोद करतायत. ते हसले आणि तासाला गेले.

अनिरुद्ध तिथेच होता. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीतलं मनुष्यबळाचं काम सोडून शिकवायला आलेला, सगळ्यांना आवडणारा, कोणाचंही वाईट न चिंतणारा मुलगा. तो खुर्ची ओढून जवळ आला. "मॅडम, मी हेड झालो तरी शब्द तुमचाच शेवटचा हं. फक्त तो विचारप्रवाहांचा पेपर आपण ड्रॉप करू. त्या जागी वर्कप्लेस वेलनेस. मुलांना प्लेसमेंटला काहीतरी दाखवता यायला हवं ना?"

"माझा शब्द शेवटचा," पूर्णिमा म्हणाली, "आणि पेपर पहिला गेला."

"नाही म्हणजे, तसं नाही…"

"असू दे रे. चहा संपव."

घरी तिने ही हकीकत आमोदला, नवऱ्याला, सांगितली. तो गवारीच्या शिरा काढत बसला होता.

"मग सांग ना त्यांना सरळ. मला हवंय म्हणून."

"मी कशाला सांगू? जन्मभर मानसशास्त्र शिकवतायत. त्यांना कळायला नको?"

"अगं, मी पंधरा वर्षं तुझा नवरा आहे. मला कधी कळतं? मागच्या वाढदिवसाला मी मिक्सर आणला."

"तेच म्हणते मी."

"काय तेच?"

"काही नाही."

"हे बघ, हे असं," आमोद गवारीच्या शेंगेने तिच्याकडे बोट दाखवावं तसं करत म्हणाला. अवनी शेजारी गृहपाठ करत होती. तिने मान वर न करता भर घातली, "आई, मिक्सर आला तेव्हा तू दोनदा 'मस्त' म्हणालीस."

 पूर्णिमाच्या मनात वेगळंच शिजत होतं. सर डोळ्यांना दिसेल तेच मानतात ना, मग त्यांच्या डोळ्यांपुढेच ठेवू. अख्खा विभाग आपण कसा हलवतो, कसा गातो, कसा हसवतो आणि हसता हसता कसा शिकवतो, हे एकदा त्यांनी पाहिलं की पत्र ते स्वतःच फाडतील. आपल्याला बोलावंसुद्धा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, गुरुवारी हस्त लागतंय. विचारप्रवाहांची उजळणी मी गच्चीवर घेणार आहे. भोंडला करून."

"भोंडला. तिसऱ्या वर्षाचा."

"हो, सर."

"मुलगेही फेर धरणार?"

"मन त्यांनाही असतं, सर."

"अद्याप पुरावा मिळालेला नाही," सर म्हणाले, "पण करा."

"आपण यायचंय."

"खिरापत असेल तर येतो."

गुरुवारी चार वाजता कॉलेजची गच्ची भरली. ऊन कलतं होतं, खालच्या रस्त्यावर स्कूटरांची पींपीं चालली होती, आणि समोरच्या इमारतीतल्या स्पर्धापरीक्षेच्या क्लासची पोरं खिडकीत येऊन ही काय भानगड म्हणून बघत होती. पाटावर रांगोळीचा हत्ती तिसऱ्या वर्षाच्या राजसने काढला होता. दत्तप्रसाद सर हात मागे बांधून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"हा उंदीर कोणी काढला?"

"सर, हत्ती आहे तो," राजस म्हणाला.

"सोंड कुठेय?"

"सर, पुसली गेली. पायाखाली आली."

"मग दिसलं ते बोललो, त्यात माझं काय चुकलं?" असं म्हणून सर खुर्चीत बसले. शेजारी अनिरुद्ध उभा होता, त्याला वर्गातल्या स्पृहाने हात धरून फेरात ओढलं.

पूर्णिमाने वर्गाच्या टोळ्या पाडल्या होत्या. एकेका टोळीकडे एकेक घराणं. आधी त्यांनी आपल्या घराण्याचं गाणं म्हणायचं, मग आपल्याच घराण्याच्या रीतीने खिरापत ओळखायची. गाणी पूर्णिमाने स्वतः बांधून दिली होती. शेवटची टोळी मात्र स्पृहाची, मानवतावाद्यांची. ती म्हणाली होती, "मॅडम, आमचं आम्ही करतो." पूर्णिमाने बरं म्हटलं होतं.

टाळ्यांवर फेर सुरू झाला. पूर्णिमाने सुरुवात केली, आणि ती गायला लागली तशी खिडकीतली पोरंही गप्प झाली.

*मनाचं गं घर उघडलं कोणी,*
*वीट वीट सुटी करून मांडली शहाण्यांनी.*

हे रचनावादी. सगळ्यांत जुनं घराणं. अनुभवाचे बारकेबारके तुकडे करायचे, आंबट किती, गार किती, उजेड किती, आणि तुकडे समजले की मन समजलं असं मानायचं. त्यांच्या पाठोपाठ कार्यवाद्यांनी पायाने ठेका धरून त्यांना टोमणा मारला:

*विटा मोजून झालं का, आता दाराचं सांगा गं,*
*कोण येतं, कोण जातं, दार कशाला सांगा गं.*

मग राजसची टोळी पुढे आली, वर्तनवाद्यांची. त्यांनी गाता गाता खास सरांकडे पाहून हात जोडले.

*घंटा वाजली, तोंडाला सुटलं पाणी गं,*
*आतलं काही पुसू नका, आत नाही कोणी गं.*

गच्ची हसली. सरही हसले, पण ओठ न हलवता, त्यांची ती एक पद्धत होती. आणि या ओळीवर फेर थांबायच्या आत दीपमाला नावाची मुलगी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिची टोळी मनोविश्लेषणवाद्यांची, मनाच्या तळाशी दडलेलं उकरून काढणाऱ्यांची. आवाज खडा, मार्केट यार्डात वडिलांच्या गाळ्यावर बसून कमावलेला.

*आत नाही कोणी कसं, तळघरात आहे गं,*
*लहानपणीचं रडू तिथं रांजणात आहे गं.*

यावर टाळ्या पडल्या. समष्टिवाद्यांचं गाणं त्या टाळ्यांत अर्धं बुडालं. 'सुटे सूर म्हणजे गाणं नव्हे, गाणं अख्खं गा गं' एवढंच ऐकू आलं, आणि त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

शेवटी स्पृहाची टोळी. सगळ्याजणी थोड्या बुजलेल्या. पूर्णिमाने हे गाणं ऐकलेलं नव्हतं.

*पाहून झालं, मोजून झालं, कडी वाजवा दाराची गं,*
*मालकीणच सांगेल तुम्हां गोष्ट तिच्या घराची गं.*

पूर्णिमाचा टाळी द्यायला उचललेला हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने टाळी दिली. चाल पकडली होती पोरींनी, तेही बरोबर ठेक्यावर.

आता खिरापत. पूर्णिमा स्टीलचा मोठा डबा घेऊन आली आणि घट्ट कवटाळून हत्तीपाशी उभी राहिली. नियम तिने सांगितला: हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, वास घ्यायला हरकत नाही, आणि बाई डबा हलवून दाखवतील.

रचनावादी पुढे आले, नाकं झाकणाला लावून. "गूळ आहे," एकजण म्हणाला. "आलं आहे." "वेलची." "ओलं खोबरं, नक्की." "तांदळाची कणी पण वाटतेय."

"वाटतेय?" खुर्चीतून सर म्हणाले.

"येतेय, सर. वासात येतेय."

"सगळं बरोबर," पूर्णिमा म्हणाली. "आता पदार्थ सांगा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे जिन्नस हाती होते आणि पदार्थ हाती येत नव्हता. "आल्याची वडी?" "नाही." "गुळपोळी?" "आल्याची गुळपोळी तुझ्या घरी करतात का रे?" बाजूने कोणीतरी विचारलं, आणि समष्टिवाद्यांनी लगेच आरडाओरडा केला, "बघा, मॅडम, बघा, तुकडे जोडून अख्खं होत नाही!" तुम्ही तरी सांगा मग अख्खं, म्हटल्यावर तेही "गोड काहीतरी" यापुढे सरकले नाहीत.

कार्यवादी म्हणाले, पदार्थ कशासाठी ते पाहायचं: साठ जणांना, हातात धरून, चमच्याशिवाय खाता येईल असा, म्हणजे वडी किंवा लाडू. हे ऐकून सरांनी मान डोलावली. राजसने डबा हलवून मागितला. पूर्णिमाने हलवला. आतून थप्प असा मऊ आवाज आला. "लाडू नाही," राजसने जाहीर केलं. "लाडू गडगडतो. हे सरकतं. मऊ वडी."

"वा," सर म्हणाले. "याला म्हणतात निरीक्षण. नाव सांग आता."

"नाव दिसत नाही, सर."

यावर गच्चीत जो हशा झाला, त्यात सर मोठ्याने सामील झाले. हसू ओसरेपर्यंत दीपमाला पुढे येऊन उभी होती. तिने डब्याकडे पाहिलंच नाही. ती पूर्णिमाकडे बघत होती.

"मॅडम, आम्ही डबा नाही बघणार. आम्ही धरणारीला बघणार. तुम्ही डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलाय. कोणी चुकलं की तुमचा चेहरा खुलतो, पण डोळे हिरमुसतात. म्हणजे तुम्हाला कोणीतरी ओळखायला हवंय, आणि सांगायचं तर नाहीये. हे आजचं नाही, मॅडम. हे लहानपणापासूनचं असणार."

"आणि खिरापत काय ते?"

"ते काही कळलं नाही," दीपमाला म्हणाली. मुलं पुन्हा हसली. पूर्णिमाही हसली, पण डबा तिला एकाएकी जड वाटला, आणि तिने तो पोटापासून थोडा दूर धरला.

राहिली स्पृहाची टोळी. स्पृहा पुढे आली. तिने वास घेतला नाही, डबा हलवायला सांगितला नाही. ती सरळ म्हणाली, "मॅडम, काय केलंय तुम्ही?"

"अगं, ओळखायचंय ना?"

"कशाला? तुम्हाला माहीत आहे ना? मग तुम्हीच सांगा. आमच्या घराण्याची रीतच ती. माणसाबद्दल जाणायचं तर माणसाला विचारायचं, आणि तो सांगेल ते ऐकायचं."

"ए, हे चीटिंग आहे," राजस ओरडला. "असं कोणी भोंडल्यात विचारतं का?"

"विचारत नाही म्हणूनच तर तुम्ही सगळे चुकलात."

"हे शास्त्र नव्हे," सर खुर्चीतून म्हणाले. "माणूस स्वतःबद्दल काहीही सांगतो. खोटंही सांगतो."

"सांगेल, सर," स्पृहा वळून म्हणाली. ती सरांना घाबरायची, तिचे कान लाल झाले होते, तरी थांबली नाही. "पण न विचारता आपण जे ठरवतो, ते तरी कुठे खरं असतं?"

सगळी गच्ची पूर्णिमाकडे पाहत होती. भोंडल्यात असा प्रश्न कोणी केल्याचं तिला आठवेना. इतक्या संध्याकाळी, इतके डबे, आणि 'तूच सांग ना' असं कोणी म्हटलंच नव्हतं. तसं म्हणायची रीत नव्हती. आणि तिने तरी आपण होऊन कधी सांगितलं होतं? मानवतावाद हे घराणं ती दर वर्षी जीव तोडून शिकवायची: माणूस स्वतःला काय हवं ते जाणतो, त्याच्या तोंडून ते येऊ द्या. मुलांना सांगायची. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की ती मनाने पुन्हा त्या फेरात, चिवडा म्हणत.

"खांडवी," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "तांदळाच्या कणीची, गूळ-आलं घातलेली. माझ्या आईची रीत."

झाकण उघडलं. पुढचा अर्धा तास कोणाला कुठलं घराणं आठवलं नाही. समोरच्या खिडकीतल्या पोरांनाही चार वड्या पोचल्या. अनिरुद्धने तिसरी वडी उचलताना कबूल केलं, "मॅडम, हे भारी होतं. मला एमएला हे कोणी असं शिकवलं नव्हतं."

पाचच्या सुमाराला पूर्णिमा रिकामा डबा घेऊन खाली स्टाफरूममध्ये आली. सर आधीच येऊन बसले होते. कागदी बशीत एक खांडवी, शेजारी पाण्याचा ग्लास. चेहरा प्रसन्न होता. तिला बसायला खुर्ची त्यांनी स्वतः सरकवली.

"पूर्णिमाबाई, उत्तम झालं. एकही मूल मोबाइल बघत नव्हतं. दोन मुलं उशिरा आली, पण उठून कोणी गेलं नाही. हे मी पाहिलंय, म्हणून बोलतो."

"थँक यू, सर."

पूर्णिमा वाट पाहत राहिली. आता पुढचं वाक्य. सरांनी खांडवीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, पाणी प्यायले.

"मी अनिरुद्धला सांगणार आहे," ते म्हणाले, "की हा कार्यक्रम दर वर्षी आपल्याकडून करून घ्यायचा. पेपर राहो न राहो. आपल्यासारखी माणसं पडद्यामागे असली की विभाग चालतो." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्यावर पेन ठेवलं. "एवढं उरकून टाकू. उद्या सकाळी पाठवायचंय."

कागदावर चारच ओळी होत्या. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे विभागप्रमुखपद स्वीकारण्यास मी इच्छुक नाही. खाली तिचं नाव आणि सहीची जागा.

पूर्णिमाने कागद वाचला. तिला राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आला नाही. या माणसाने तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं. जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे लिहून काढलं होतं. तिने दाखवलंच तेवढं होतं. आणि आता तर त्याने सगळं पाहिलं होतं, फेर, गाणी, साठ मुलं तिच्या टाळीवर हलताना पाहिली होती, तरी तिची इच्छा त्याला दिसली नाही. कशी दिसणार? डोळे कितीही चांगले असोत, ही गोष्ट त्यांना दिसण्यातली नव्हतीच.

घड्याळाचा काटा पाचावर आला होता. सवयीने हात पर्सकडे गेला. सवयीनेच ओठांवर 'बघू, सर' आलं. ते तिने तिथेच थांबवलं. पेन उचलून टेबलावर बाजूला ठेवलं आणि कागद उलटा फिरवून सरांकडे सरकवला.

"मी यावर सही करणार नाही, सर."

सरांनी चष्मा काढला. "काही चुकलंय का मजकुरात?"

"सगळाच. तो तुमचा मजकूर आहे, माझा नाही."

"पण बाई, आपण परीक्षेचं काम दोनदा नाकारलंत. पाचला घरी जाता. बैठकीत बोलत नाही. मी दहा वर्षं पाहतोय."

"तुम्ही पाहिलंत ते सगळं खरं आहे. काम नाकारलं तेव्हा अवनी लहान होती. आता ती अकरा वर्षांची आहे, स्वतःची वेणी स्वतः घालते. बैठकीत बोलत नव्हते, कारण मला वाटायचं की तुम्हाला समजेल."

"मला कसं समजणार?" सर खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "आपण एकदाही बोलला नाहीत."

"नाही बोलले. ते माझंच चुकलं," पूर्णिमा म्हणाली. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, हात टेबलावर, आवाज वर्गात असतो तसा. "आता बोलते. मला विभागप्रमुख व्हायचंय, सर. आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून व्हायचंय. हा पेपर मी ठेवणार आहे, प्रयोगशाळा उघडणार आहे, अनिरुद्धला त्याचं वर्कप्लेसचं काम देणार आहे कारण तो ते चांगलं करेल, आणि रोज पाच वाजता घरी जाऊनही हा विभाग मी तुमच्यापेक्षा चांगला चालवणार आहे. उद्या माझं नाव पाठवा."